आमच्या दारातला मुका बेंजो

आषाढ उतरणीला लागला की लालबागच्या पुलाखाली संध्याकाळचा सराव सुरू होतो. बेंजो पार्टीचा. ज्यांनी ही चीज ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे बेंजो, म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, त्याला भोंगे जोडलेले. त्याच्या आजूबाजूला ढोल आणि ताशे. आणि सगळ्यात मागे चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला अख्खा ड्रमसेट, वाजवणाऱ्यासकट. पोरं तो मागून ढकलत नेतात. पुलाखाली हे सगळं एकदम सुरू झालं की दिवसभर गाड्यांच्या आवाजाला निबर झालेली माणसंसुद्धा मान वळवून बघतात. ऑफिसातून येताना मी पूर्वी तिथे खांबाला टेकून उभा राहायचो, घरून फोन येईपर्यंत. गेलं वर्षभर मात्र मी पलीकडच्या फुटपाथने जात होतो. हयातभर ड्रम बडवलेला माणूस ड्रमचा आवाज आला की चोरासारखा रस्ता ओलांडतो. बघणाऱ्याला हसू येईल. मला येत नाही.

हयातभर म्हटलं ते हौशीपणाच्या हिशेबात. पोटासाठी मी विम्याच्या ऑफिसात बसतो. रविवारी सकाळी प्रभादेवीला एका तळघरात भाड्याची सरावाची खोली मिळते, तिथे आम्ही चार प्रौढ माणसं जमून रॉक वाजवतो. गायकाचा गुडघा धरलेला असल्यामुळे तो स्टुलावर बसून गर्जना करतो. गिटारवाल्याला डोळ्यांच्या नंबरामुळे तारा दिसत नाहीत, पण तो म्हणतो त्या दिसायची गरजच काय. आम्हाला ऐकायला कोणी येत नाही आणि आम्ही कोणाला बोलावतही नाही. तरी आठवड्यातले ते दोन तास मी माणसात असतो.

हे वेड कॉलेजात लागलं. माटुंग्याच्या एका मित्राकडे कॅसेट होती, कॅसेटवरून केलेल्या कॅसेटवरून केलेली. गाण्यापेक्षा खरखर जास्त. आमचा सगळा घोळका गिटारवर फिदा झाला. मला मात्र त्या खरखरीच्याही मागे बसलेला एक माणूस ऐकू आला. गायक ओरडत होता, गिटार किंचाळत होती, आणि मागचा हा शांतपणे सगळ्यांचं ओझं उचलून चालत होता, लग्नघरातल्या एखाद्या मामासारखा. ज्याचं नाव पत्रिकेत खाली कुठेतरी असतं आणि ज्याच्याशिवाय पंगत उठत नाही. मी त्या दिवशी घरी आलो आणि आईच्या स्वयंपाकघरातले डबे खाली काढले.

आई मूळची मालवणकडची. चाळीत तिचा उभा जन्म गेला होता, पण बोलणं तिकडचंच राहिलं. मी तांदळाचा डबा, पिठाचा डबा आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा अर्धगोलात मांडून बसायचो, कॅसेट लावायचो, आणि दोन लाटणी घेऊन सुरू. (दुसरं लाटणं शेजारच्या पेडणेकर काकूंचं. ते परत गेलंच नाही.) गाणं संपलं रे संपलं की मोरीतून किंवा गॅलरीतून आवाज यायचा, "बंद कर ता मेल्या! कान किटले माझे!" मी हसायचो आणि कॅसेट उलटी करायचो. पुन्हा गाणं, पुन्हा "बंद कर ता". हे इतकी वर्षं चाललं की मला ते ओरडणं ऐकू येईनासं झालं. कधी कधी ती मध्येच वेगळं काहीतरी बोलायची. एकदा म्हणाली, "तांदूळ सरत इले वाटता. डबो बोंबलता." उघडून बघितलं तर खरंच, तळाला दोन ओंजळी होते. भरलेला डबा ठस्स वाजतो, रिकामा होत गेला की त्याचा आवाज वर चढतो. मला वाटलं, बाई संसाराची पक्की आहे. ती ऐकत होती, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

एकच गोष्ट होती जिच्यामुळे मी आपणहून थांबायचो. चाळीत कोणी गेलं की. कुठल्याही मजल्यावर, कुठल्याही खोलीत. कोणी सांगायला येत नसे. रेडिओ एकामागून एक बंद होत यायचे, फोडणीचा वाससुद्धा दबून जायचा, आणि आपल्या खोलीत बसल्या बसल्या कळायचं की कोणीतरी गेलं. एरवी आमच्या चाळीत शांतता अशी नसतेच. भांडण, कुकर, बातम्या, अभ्यासाची पाढे-पाठांतरं, काही ना काही सुरूच. शांतता झाली की आई पदराला हात पुसत गॅलरीत जायची आणि विचारायची, कोण गेला? त्या दिवसांत मी डबे जागच्या जागी ठेवायचो आणि मांडीवर बोटं वाजवत बसायचो.

मोठा ड्रमर कशाने होतो, यावर मी तासन् तास बोलू शकतो. बायकोला, स्मिताला, विचारा. पोरवयात माझं उत्तर सोपं होतं: वेगाने. ज्याचे हात दिसत नाहीत तो मोठा. एका गाण्यात मधोमध सगळी वाद्यं थांबून ड्रमर एकटाच सुटायचा, आणि मी ते ऐकताना श्वास घ्यायला विसरायचो. मग हळूहळू कान पिकले. एका संथ गाण्यातला ड्रमर मला वर्षानुवर्षं कंटाळवाणा वाटायचा, कारण तो काही करतच नव्हता. एका रविवारी हेडफोन लावून ऐकलं आणि ठोक्यांच्या मधल्या जागेत त्याचा डावा हात ऐकू आला. स्नेअरवर, म्हणजे गुडघ्यांमधल्या छोट्या ड्रमवर, इतकी हलकी कुजबुज चाललेली की नुसती चाहूल लागावी. ती काढून टाकली असती तर कोणाला कळलं नसतं, पण गाणं मेलं असतं. दुसरा एक होता, तो प्रत्येक ठोका केसभर उशिरा द्यायचा. चुकून नाही, मुद्दाम. भरल्या पोटी जिना चढणाऱ्यासारखा. गाण्याला त्यामुळे एक ऐट यायची. कुठल्याशा बँडने ड्रम जिन्याच्या तळाशी ठेवून वाजवले, म्हणून तो आवाज तसा गडगडाटी आला, असं कळल्यावर मी आणि गिटारवाल्याने आमच्या चाळीच्या जिन्याखाली ड्रम मांडला होता. आवाज आला खरा. त्याच्यामागोमाग तिन्ही मजले खाली आले.

चाळिशीनंतर माझं मत कायमचं ठरलं. मोठा ड्रमर ओळखावा तो त्याने काय वाजवलं यावरून नाही, काय सोडलं यावरून. सगळं येत असून जो हात आवरतो, तो मोठा. हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलं की त्याला माझ्या घामाचा वास यायला लागला असेल. आमच्या गल्लीच्या बेंजोत ड्रमवर बसणारा प्रणय आहे. बावीस-तेवीसचा, दिवसा कुरिअरच्या ऑफिसात असतो. हाताला जबरदस्त. त्यालाही मी पुलाखाली धरून सांगायचो, "वाजवायला कोणीही वाजवतो रे. थांबता येतं का ते बघ." तो मान डोलवायचा. त्याने ते मनावर घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

दोन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत आईचं हृदय थकलं. परळच्या हॉस्पिटलातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, आराम हवा, दगदग नको, फार गोंगाट नको. डॉक्टर गोंगाट म्हणाले होते. मी त्याची शांतता केली. मला ते जमतं असं मी स्वतःच ठरवलं होतं ना, सोडणं, आवरणं, हात मागे घेणं. मी माझं सरावाचं रबरी पॅड पोटमाळ्यावर टाकलं. दूधवाल्याला बेल वाजवू नको म्हटलं. टीव्ही मुका केला. स्मिताने कुकर आणि मिक्सर पेडणेकर काकूंकडे नेले. गॅलरीतून पळणाऱ्या पोरांना मी चपला काढायला लावल्या. चाळीनेही कमाल केली. आमच्या चाळीत नळावरून डोकी फुटतात, पण कोणाचं म्हातारं माणूस पडलं की सगळे एक होतात. वरच्या मजल्यावरच्यांनी खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधली. लोक जिन्यात कुजबुजत बोलायला लागले. मला फार बरं वाटायचं. संध्याकाळी आईच्या पायाशी बसून मी त्या शांततेकडे स्वतःच्या हातचं काम असल्यासारखा बघायचो.

आई पलंगावरून छताकडे बघत पडलेली असायची. बोलायची कमी. थकलीय, असं मी म्हणायचो. आता आठवतं, तिची बोटं चादरीवर हलायची. मी ती हातात धरून स्थिर करायचो.

मग अनंत चतुर्दशी आली. गल्लीचा गणपती निघाला की प्रत्येक चाळीच्या दारात थांबतो. बायका आरती ओवाळतात आणि तेवढ्या वेळात बेंजो त्या दारापुढे एक अख्खी चाल वाजवतो. हा त्या घरांचा मान असतो. दार चुकलं तर पुढच्या वर्षी वर्गणीला दार उघडत नाहीत. आदल्या दिवशी मी मंडळात जाऊन सांगितलं की आमच्या दारात वाजवू नका. मला वाटलं होतं, कुरकुर होईल. झाली नाही. प्रणय म्हणाला, "दादा, टेन्शन नको. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक काठी पडणार नाही. तुम्हीच सांगता ना, थांबता आलं पाहिजे."

आणि ते थांबले. मी गॅलरीतून बघत होतो. कोपऱ्यावर गर्जत आलेला बेंजो प्रणयने हात वर करताच एका क्षणात मुका झाला. ट्रॉलीची चाकं तेवढी करकरत होती. ढोलवाल्यांनी ढोलावर पंजे पसरून ठेवले होते, चुकून धक्का लागून वाजू नये म्हणून. गणपती आमच्या खिडकीखाली उभा राहिला. स्मिताने खाली जाऊन ओवाळलं. शेकडो माणसं आणि कोणी घसा खाकरला नाही. माझे डोळे भरून आले. ड्रमरने सोडलेली इतकी मोठी जागा मी कुठल्या गाण्यात ऐकली नव्हती. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा धडाका उठला तेव्हा मी खोलीत आलो.

आई उशीवरून अर्धी उठली होती. तिचा चेहरा घाबरलेला होता.

"कोण गेला रे चाळीत?" तिने विचारलं.

"कोणी नाही गं आई."

"मगे इतक्या शांत कसा? किती दिस झाले, कसलोच आवाज नाय. माका कोणी सांगूक नाय. पेडणेकरीण बरी असा मा?"

"सगळे बरे आहेत. गणपती गेला आत्ता. तुला त्रास नको म्हणून दारात वाजवलं नाही."

ती मागे टेकली. रागावली असती तर मी सोसलं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "असां. म्हंजे मी जिती आसतानाच माझा सुतक धरलास."

मी काहीतरी बोललो. डॉक्टर, औषधं, लवकर बरी होशील. दुसऱ्या दिवशी टीव्हीचा आवाज सोडला, कुकर घरी आणला, पोरांना म्हटलं पळा. पोरं पळेनात, त्यांना सवय लागली होती. माळ्यावरून पॅडही काढलं, पण तिच्यासमोर वाजवायला बसलो तर हात उचलेना. वाजवू की नको, ह्यात दिवस गेले. दसऱ्याच्या आधीच ती गेली. चाळीतले रेडिओ बंद झाले, जिन्यात कुजबुज सुरू झाली. आणि मी बघितलं, की ह्या शांततेत आणि आधीच्या शांततेत काही म्हणता काही फरक नव्हता. तिने आपलं सुतक आधी पूर्ण ऐकून घेतलं होतं.

लोकांनी मला त्याबद्दल नावाजलं, हे तर अजून सलतं. "आईसाठी ह्याने गल्ली गप्प केली," असं लोक पाहुण्यांना सांगतात. मी एकदाही म्हटलं नाही की बाबांनो, तसं नव्हतं. मान खाली घातली, लोकांना ते विनयाचं लक्षण वाटलं. गेल्या वर्षी गणपती निघाला तेव्हा मी गॅलरीत उभा होतो आणि कोपऱ्यावर प्रणयचा हात पुन्हा वर गेला. पुन्हा सगळं मुकं. खिडकीखाली ट्रॉली उभी राहिली. त्याने वर बघून छातीला हात लावला. नंतर भेटून म्हणाला, "आईंसाठी, दादा. आता दरवर्षी." रिवाज पडायला आमच्याकडे एवढंच लागतं. मी त्याला थँक्यू म्हणालो. म्हणालो, खरंच! त्या दिवसापासून मी फुटपाथ बदलला.

ह्या श्रावणात एका रविवारी तळघरातून परतलो आणि स्मितासमोर पुन्हा माझं पुराण सुरू झालं. तो कुजबुजणारा डावा हात, ती सोडलेली जागा. ती शेंगा मोडत होती. म्हणाली, "जागा सोडली म्हणजे पुढे ठोका येणार असतो ना? ऐकणाऱ्याला ते माहीत असतं म्हणून तो थांबतो. नाहीतर ती जागा कसली." मग ती सहज म्हणाली, "तुमच्या आई कधी गाणं चालू असताना ओरडल्याचं आठवतं तुम्हाला?"

मी आठवायला लागलो. डबे, लाटणी, मग पॅड, मग एक जुना सेट जो आम्ही खाटेखाली ठेवायचो. किती वर्षं. एकदाही नाही. गाणं संपायचं, ड्रमची पितळी थाळी शेवटची घुमून विरायची, आणि मग "बंद कर ता मेल्या". तिने कुठलंच गाणं मोडलं नाही. मला जी कटकट वाटत होती ती नेमकी जागेवर पडत होती. ती गाणं संपायची वाट बघायची, म्हणजे गाणं ऐकायची. जगभरच्या ड्रमरांच्या न वाजवलेल्या ठोक्यांवर प्रवचनं झोडणाऱ्या मला घरातला हा ठोका कधी ऐकू आला नाही. मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी मी अलीकडच्या फुटपाथने गेलो. सराव थांबवून प्रणय जवळ आला. मी त्याला सगळं सांगितलं, आई काय म्हणाली तेही. तो चपलेने खडा सरकवत ऐकत होता.

"म्हणजे दादा, आपण दोन वर्षं..." एवढंच बोलला.

"तू नाही. मी सांगितलं म्हणून तू थांबलास."

"मग ह्या वर्षी वाजवू?"

"वाजव. कान किटले पाहिजेत."

त्याने ट्रॉलीकडे बोट केलं. "तुम्हीच बसा ना आमच्या ट्रॉलीवर. तुमच्या दारात तुम्ही वाजवा."

मी नाही म्हणालो. माझं वय, माझं पोट, पोरं हसतील. आणि मनात होतं ते वेगळंच, की आता वाजवून कोणाला दाखवायचं. पण परवा अनंत चतुर्दशीला मी मिरवणुकीबरोबर खालून चालत होतो. कोपरा आला तेव्हा प्रणय ट्रॉलीवरून उतरला आणि काठ्या माझ्या हातात कोंबून म्हणाला, "चढा."

मी चढलो. त्याच्या स्टुलाची उंची माझ्या गुडघ्यांना जमत नव्हती. बेंजोवाल्याने चाल धरली, सगळ्या गल्लीला पाठ असलेली, आणि मी तिच्याखाली माझी ती जुनी कॅसेटवरची चाल सरकवली, किंचित मागे रेलून, केसभर उशिरा. ढोलवाली पोरं आधी गोंधळली, मग हसली, मग त्यांनी ती पकडली. आमच्या चाळीच्या भिंतीवर आवाज आदळून परत यायला लागला. गॅलऱ्या भरल्या होत्या. पेडणेकर काकू कानांवर हात ठेवून नाचत होत्या. मी काही सोडलं नाही. येत होतं तेवढं सगळं वाजवलं, बिस्किटांच्या डब्यावर वाजवायचो तसं, अडाण्यासारखं. घाम डोळ्यांत जात होता. आणि मग चाल संपली, मी शेवटची थाळी मारली, आणि ती घुमत घुमत विरत गेली.

शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या. त्याही ओसरल्या. मी काठ्या तशाच वर धरून खिडकीकडे बघत होतो. खिडकी उघडी होती, आत दिवा होता, पडदा हलत होता.

"दादा, पुढची चाल?" प्रणयने खालून विचारलं.

मी त्याला हातानेच थांब म्हटलं.

पुढच्या चाळीची माणसं आरतीची ताटं घेऊन खोळंबली होती. पोरांनी जरा वाट बघितली, मग ट्रॉलीला खांदे लावले, आणि आमची खिडकी हळूहळू मागे पडली.